झुवारीतली लेअप सेवा : निजवणं चोख, उठवणं ढिसाळ

2018 च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या आणि खनिजाच्या बार्जी बिनकामाच्या पडल्या, तेव्हापासून कुठ्ठाळी, रासई, वास्को या पट्ट्याला जहाज उभं ठेवण्याची सवय आहे. 2020 च्या टाळेबंदीत धंदा बसलेल्या कोस्टर (किनाऱ्याकाठची मालवाहू जहाजं) आणि प्रवासी बोटींना तीच सवय कामी आली. इथे परीक्षण आहे ते अशा एका ठेकेदाराच्या लेअप (जहाज काही काळ बिनकामाचं, पण जपून उभं ठेवणं) आणि पुन्हा चालू करून देण्याच्या पॅकेजचं. नाव देत नाही. सल्ला असा : इंजिनरूमचं काम बिनधास्त द्या, पाण्याखालचं काम मात्र करारात शब्दन् शब्द लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

आधी लेअप वॉर्म की कोल्ड ते ठरवा. वॉर्म म्हणजे थोडे खलाशी, जनरेटर चालू, आठवडाभरात जहाज निघू शकतं. कोल्डमध्ये मुख्य यंत्रं बंद, माणसं जवळपास नाहीत, आणि परत यायला तीन आठवड्यांपासून दोन महिनेही लागतात. कोल्ड स्वस्त वाटतं, पण गोव्याच्या पावसाळ्यात डिह्युमिडिफायरला, म्हणजे हवेतला ओलावा काढणाऱ्या मशीनला, अखंड वीज लागते. जेट्टीवरून वीज मिळत नसेल तर कोल्डचा हिशेब कागदावरच राहतो. कोटेशनमध्ये ही ओळ नसते, ती मागून घ्यावी लागते.

हवा कोरडी ठेवण्यात ही मंडळी खरोखर हुशार आहेत. सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजतं. जुलैत बाहेरची हवा बरेचदा नव्वदीच्या घरात असते, आत मात्र 40 ते 50 टक्के टिकवायचे असतात. कॉम्प्रेसरवाली मशीन उबदार हवेत बरं काम करते, पण इतकं खाली आणून तिथेच धरायला रोटरवाली, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या फिरत्या चाकाची, लागते. यांच्याकडे तीच आहे. रोटर सुकवताना निघणारी गरम, दमट हवा बाहेर सोडायला वेगळा डक्ट असतो. हा डक्ट केसिंगच्या (इंजिनरूमवरच्या बंदिस्त भागाच्या) आतच उघडा सोडला तर तेच पाणी पुन्हा आत फिरत राहतं आणि मशीन रात्रंदिवस चालूनही आकडा हलत नाही. यांचा डक्ट थेट डेकवर निघतो. फनेलचं (धुराड्याचं) तोंड, व्हेंट, स्कायलाइट, सगळं प्लाय आणि गॅस्केटने बंद करतात. आर्द्रता मोजणारे लॉगर स्विचबोर्डमागे, खालच्या प्लेटखाली आणि क्रँककेसच्या दाराशी लावतात आणि तासातासाची नोंद मालकाला पाठवतात. एकच लॉगर कंट्रोल रूममध्ये लावून मोकळे होणाऱ्यांपेक्षा हे फार बरं.

इंजिनचं वेळापत्रकही नीट आहे. वापरलेलं ल्युब ऑइल (वंगण तेल) आम्लयुक्त झालेलं असेल तर ते बेअरिंग खातं, म्हणून उभं करण्याआधी तपासून गरज असेल तर बदलतात. मग दर आठवड्याला बेअरिंगना तेल पोचवणारा प्रायमिंग पंप अर्धा तास, सिलिंडरवरचे इंडिकेटर कॉक उघडे, आणि टर्निंग गिअरने (इंजिन हळूहळू फिरवणाऱ्या यंत्रणेने) सव्वा फेरी. पूर्ण फेरी नाही, कारण क्रँक दर वेळी नव्या जागी थांबला पाहिजे. गोड्या पाण्याची कूलिंग लाइन रिकामी न करता इनहिबिटर (गंजरोधक रसायन) वाढवून भरलेली ठेवतात. समुद्राच्या पाण्याची बाजू मात्र गोड्या पाण्याने धुऊन रिकामी करतात. बॉयलर कोरडा ठेवायचा तर सिलिका जेल टाकून पक्का बंद, ओला ठेवायचा तर रसायन घालून काठोकाठ. अर्धवट भरलेला बॉयलर हा सगळ्यात वाईट पर्याय.

इंधनाबद्दल एक गुण जास्त. 1 जानेवारी 2020 पासून गंधकाची मर्यादा 0.50 टक्के झाली. त्यानंतरची बरीच कमी गंधकाची मिश्र इंधनं टाकीत फार दिवस उभी राहिली की गाळ सोडतात. हे लोक शेवटचे काही तास इंजिन गॅसऑइलवर (हलक्या, स्वच्छ डिझेलवर) चालवून लाइन साफ करतात. डिझेल टाकीच्या तळाचं पाणी मात्र कोणीतरी महिन्याला काढायला हवं. नाहीतर त्यात जिवाणू वाढतात आणि पहिल्याच दिवशी फिल्टर चोंदतात.

आता दुबळी बाजू. अँटिफाउलिंग रंग (जहाजाच्या बुडाला जीव चिकटू न देणारा) वाहत्या पाण्यासाठी बनलेला असतो, उभ्या जहाजावर तो काही आठवड्यांत हात टेकतो. पावसात झुवारीचं पाणी गोडसर होतं आणि बरीच वाढ मरते, पण पाऊस सरला, खारेपणा परतला की नवी पिलावळ चिकटते. सी-चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या बुडाच्या कप्प्याच्या) जाळ्या पाणबुड्याकडून आधीच बंद केल्या नाहीत तर आत शिनाणे आणि बार्नॅकल घर करतात, आणि चाचणीच्या दिवशी कूलिंग पाण्याचं तापमान चढत जातं. पॅकेजमधली 'हल (जहाजाचं बूड) तपासणी' म्हणजे प्रोपेलरचा एक व्हिडिओ. सी-चेस्ट, बो-थ्रस्टरचा (नाळेकडचा आडवा पंखा) बोगदा, स्टर्न ट्यूबचं (प्रोपेलरचा दांडा बाहेर येतो ती नळी) सील यांची वेगवेगळी दृश्यं मागा. पावसात पाणी इतकं गढूळ असतं की पाणबुड्याला हातभर अंतरावरचंही दिसत नाही, म्हणून तेव्हाचा व्हिडिओ पैसे देण्याच्या लायकीचा नाही.

बांधणी ठीक आहे. जादा दोर, घासण्यापासून बचाव, चोवीस तास पहारेकरी. पण टग (ओढबोट) कोणाचा आणि किती वेळात येतो, हे लेखी नाही. 2000 च्या जूनमध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर चढलेलं रिव्हर प्रिन्सेस जहाज आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये माणसं नसताना दोनापावलाजवळ रुतलेलं नाफ्था (पटकन पेटणारं तेल) भरलेलं नू शी नलिनी जहाज ज्यांना आठवतंय, ते या ओळीवर अडून बसतील.

उठवण्याचं काम वेगळ्या बिलात येतं, आणि शिस्त तिथेच सुटते. सगळे ब्लँक (पाइपांची तोंडं बंद करणाऱ्या चकत्या) आणि आच्छादनं काढली का, याची आकडा घातलेली यादी त्यांच्याकडे नाही, फक्त लाल फिती आहेत. फिती गळून पडतात. एक्झॉस्टच्या तोंडावरचं झाकण तसंच राहिलं तर इंजिन श्वासच घेत नाही. ही यादी उभं करतानाच करून घ्या, प्रत्येक ब्लँकला क्रमांक द्या. मोटरींचं इन्सुलेशन मेगरने (वीजरोध मोजणाऱ्या मीटरने) तपासून किमान एक मेगओहम आल्याशिवाय वीज जोडू देऊ नका. लाइफराफ्टची 12 महिन्यांची सर्व्हिस आणि हायड्रोस्टॅटिक रिलीजची (जहाज बुडताना राफ्ट आपोआप सोडणाऱ्या कळीची) दोन वर्षांची मुदत लेअपमध्येच संपते, त्याची आठवण हे करून देत नाहीत.

मांडवीतल्या कॅसिनो बोटी मार्चमध्ये बंद होऊन 1 नोव्हेंबर 2020 ला सुरू झाल्या. इतके महिने नळांत साचलेल्या पिण्याच्या पाण्यात लेजिओनेलाचा (न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूचा) धोका असतो. टाकी आणि प्रत्येक नळ 50 मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीनने 12 तास भिजवून धुवावा लागतो. या पॅकेजमध्ये ते नाही, प्रवासी बोटीवाल्यांनी वेगळी व्यवस्था करावी. आणि गॅस्केट, ओ-रिंग, सील यांची ऑर्डर जहाज उभं करतानाच द्या.