सीएस५०एक्स : पायापासून संगणकशास्त्र

हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस५०’ हा संगणकशास्त्राचा प्रारंभिक अभ्यासक्रम २०१२ पासून ‘सीएस५०एक्स’ या नावाने एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर सर्वांसाठी खुला आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असून, एक्सेलमधील सूत्रांपलीकडे संगणकाशी माझा कधी संबंध आला नव्हता. नोकरी सांभाळून, रात्री दीड-दोन तास देऊन, हा अभ्यासक्रम पूर्ण करायला मला आठ महिने लागले. याच वाटेने जाऊ पाहणाऱ्या नवख्यांना निर्णय घेणे सोपे जावे, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे.

हा अभ्यासक्रम शिकवणारे प्रा. डेव्हिड मलान यांची व्याख्याने अतिशय जिवंत असतात. पहिल्याच व्याख्यानात टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडत जाऊन ते एक नाव शोधतात आणि हजार पानांतून ते नाव दहाएक टप्प्यांत कसे सापडते हे डोळ्यांसमोर घडवतात. मात्र या अभ्यासक्रमाचा खरा गाभा व्याख्यानांत नसून दर आठवड्याच्या गृहपाठात आहे. नुसती व्याख्याने पाहून हाती फारसे लागणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

सुरुवात स्क्रॅच या, ठोकळे जोडून प्रोग्राम रचण्याच्या साधनाने होते आणि लगेच पुढच्या आठवड्यात सी ही प्रोग्रामिंगची भाषा येते. पायथनसारखी सोपी भाषा उपलब्ध असताना नवशिक्याला पाच आठवडे सीमध्ये का ठेवावे, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर गृहपाठांतून हळूहळू मिळत गेले. क्रेडिट कार्डाचा क्रमांक वैध आहे की नाही हे लून यांच्या (अंकांच्या ठरावीक बेरजेवरून पडताळणी करण्याच्या) पद्धतीने तपासणारा प्रोग्राम लिहिताना कळले, की सोळा अंकी संख्या साध्या ‘इंट’मध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवण्याच्या सीमधील नेहमीच्या प्रकारात, मावतच नाही, कारण त्याची मर्यादा सुमारे २१४ कोटींपर्यंतच आहे. दोन शब्द सारखे आहेत का हे ‘==’ या चिन्हाने तपासले, तर सी भाषा त्यांतील अक्षरांऐवजी ते मेमरीत जिथे ठेवले आहेत ते पत्तेच ताडून पाहते, हे समजायला मला एक अख्खा रविवार लागला; परंतु त्यानंतर पॉइंटर (मेमरीतील असा पत्ता) या शब्दाची भीती कायमची गेली.

चौथ्या आठवड्यातील ‘रिकव्हर’ हा गृहपाठ मला सर्वांत मोलाचा वाटला. त्यात कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाची एक प्रत दिलेली असते, त्यावरचे फोटो पुसलेले असतात आणि ते आपण परत मिळवायचे असतात. फोटो पुसला तरी त्याचे बाइट (माहितीचे छोटे तुकडे) बहुधा जागेवरच राहतात, फक्त तो कुठे आहे ही नोंद नाहीशी होते. म्हणून ५१२ बाइटचा एकेक तुकडा वाचत, जेपेग फाइलच्या आरंभीच्या ठरावीक खुणा ओळखत, पन्नास फोटो वेगळे काढायचे असतात. पहिला फोटो पडद्यावर उमटला तेव्हा झालेला आनंद शब्दांत मांडणे अवघड आहे.

पाचव्या आठवड्यात १,४३,०९१ शब्दांचा कोश मेमरीत भरून शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम लिहावा लागतो. हॅश टेबल, म्हणजे शब्द चटकन सापडावेत म्हणून ते कप्प्यांत वाटून ठेवणारी रचना, स्वतः बांधायचे आणि वापरलेली सगळी मेमरी शेवटी परतही करायची. सहाव्या आठवड्यात मलान तोच प्रोग्राम पायथनच्या मोजक्या ओळींत लिहून दाखवतात आणि तो अधिक वेळ घेतो हेही दाखवतात. भाषेची सोय कुठून येते आणि तिची किंमत कशात मोजावी लागते, हे आधी सी शिकल्यामुळेच उमजते. याच समजेच्या बळावर मी एक प्रयोग केला : ‘मराठी’ या शब्दाची लांबी सीने १५ सांगितली, पायथनने ५, आणि आपण तर तीन अक्षरे मोजतो. सी बाइट मोजते, तर पायथन चिन्हे; यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना व वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असतात, म्हणून हा फरक पडतो. मराठीसाठी काहीही बनवू इच्छिणाऱ्याने ही गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

त्यापुढे एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा), वेबपाने बनवण्यासाठीचे एचटीएमएल व जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये वेबसाइट उभारण्याचे फ्लास्क हे साधन, असे विषय येतात. ते उपयुक्त आहेत, पण त्यांची तोंडओळखच होते. वेबसाइट बनवणे एवढेच उद्दिष्ट असेल, तर दुसरा एखादा अभ्यासक्रम अधिक जवळचा ठरेल.

सोयी उत्तम आहेत. ब्राउझरमध्येच कोड लिहिता येतो, ‘चेक५०’ हे तपासणीचे साधन लगेच चुका दाखवते, आणि अडल्यास अभ्यासक्रमाचे स्वतःचे एआय ‘बदक’ थेट उत्तर न देता विचाराची दिशा देते. चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून उत्तरे घेणे नियमाने वर्ज्य आहे, आणि हा नियम शिकणाऱ्याच्याच हिताचा आहे. सीएस५०चे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. एडएक्सचे पडताळणी केलेले प्रमाणपत्र मात्र शुल्क भरून घ्यावे लागते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना दोन तासांची वेगवान इंग्रजी व्याख्याने जड जाऊ शकतात. त्यांनी आधी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील सी भाषेचे मराठी निवेदनाचे छोटे, विनामूल्य पाठ करावेत. संज्ञा कानावरून गेल्या की मलान यांचा वेग पेलवतो. अकरा आठवड्यांचे वेळापत्रकही स्वतःवर लादू नये. मला एकट्या ‘टाइडमन’ या निवडणूक-मोजणीच्या गृहपाठाला तीन आठवडे लागले, आणि त्याऐवजी ‘रनऑफ’ हा सोपा पर्याय निवडण्याची मुभा असूनही तो केल्याचे समाधान आजही वाटते.