पाच तोळे म्हणजे साठ मासे

मी एसटीत वाहक आहे. परभणी, वसमत, नांदेड आणि परत, अशा दिवसाला दोन फेऱ्या. वाहकाचा एक हात सदा वर असतो. दांडी धरायला, घंटीची दोरी ओढायला, मागच्याला 'सरका पुढं' म्हणायला. त्यामुळे माझ्या काखेची हकीकत माझ्याआधी प्रवाशांना कळली असणार. मला ती कळली मार्चमध्ये. सुट्टे पैसे देताना एका आजीने पदर नाकाला लावला आणि तोंड खिडकीकडे केलं. बोलली काहीच नाही.

दोन वेळा आंघोळ करणारा माणूस मी. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी तिकडेच होतो. त्या दिवसांत अर्ध्या बादलीवर भागवलं, पण आंघोळ चुकवली नाही. आता साबण बदलून पाहिले, पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकला, डिओ मारला. डिओने एकाचे दोन वास झाले, एवढंच. तासाभरात पुन्हा तोच वास, शिळ्या ताकाचा आणि खाली चिरलेल्या कांद्याचा. बनियनच्या काखा पिवळ्या पडलेल्या. बायको कपडे वेगळे भिजवायला लागली होती, तेही माझ्या उशिरा लक्षात आलं. विचारायचं कुणाला? मूळव्याधीचं माणूस मित्राला सांगतो, हे सांगता येत नाही. सांगितलं की पुढच्या वेळी तो मित्र आपल्याशेजारी बसायच्या आधी विचार करणार.

मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, नांदेडच्या स्टँडवर ड्युटी संपवून रसवंतीत बसलो होतो. शेजारी साठीचा माणूस. पांढरं धोतर, स्वच्छ टोपी, हातात कापडी पिशवी. पाच मिनिटं पाऊसपाण्याचं बोलला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "राग येऊ देऊ नका दादा, माझ्या पोरालाबी असंच होतं. दोन सोयरिकी मोडल्या त्याच्या. आता लेकरूबाळ हाय बगा त्याला."

मी शरमेने खाली पाहिलं. एखाद्याने इतक्या मायेने बोलावं आणि नाव न घेता बोलावं, याचंच मला भरून आलं. तो पैसे मागत नव्हता, पत्ताही देत नव्हता. मीच दोनदा विचारलं तेव्हा म्हणाला, जवळच एक वैद्य महाराज बसतात, फी अकरा रुपये, तीही दानपेटीत. मला त्या बाजूलाच जायचंय, चला, दाखवतो.

महाराज एका लॉजच्या तळमजल्यावर बसले होते. नाडी धरली, डोळे मिटले. "रक्तात मळ साचलाय. वरून धुऊन काय व्हणार?" हे वाक्य मला पटलं, कारण वरून धुऊन खरंच काही होत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली. पाच तोळे एक चूर्ण काखेत लावायला, अडीच तोळे भस्माच्या गोळ्या पोटात घ्यायला, वर तेलाची बाटली. औषध आम्ही विकत नाही म्हणाले, कुठल्याही जडीबुटीच्या दुकानात मिळेल. पण अक्षर असं की गल्लीच्या टोकाच्या एकाच दुकानदाराला ते वाचता आलं.

इथून पुढचं नीट वाचा, कारण खरी कला इथे आहे. दुकानदाराने भाव आधीच सांगितला. चूर्ण एकशे ऐंशी, भस्म तीनशे वीस, तेल सहाशे. मी मनात हिशेब केला, पाच तोळ्यांचे नऊशे, अडीच तोळ्यांचे आठशे, तेल धरून तेवीसशे. जास्त होते, पण देण्यासारखे होते. मी हो म्हटलं. त्याने डब्यांतून काढलं, खलात कुटलं, एकमेकांत मिसळलं, माझ्यासमोर गोळ्या वळल्या. अर्धा तास गेला. तोवर धोतरवाले काका मला पोराच्या बारशाच्या गोष्टी सांगत होते. मग कागद पुढे आला. एकवीस हजार.

भाव तोळ्याचा नव्हता, माशाचा होता. एका तोळ्यात बारा मासे. पाच तोळे म्हणजे साठ मासे, साठ गुणिले एकशे ऐंशी, दहा हजार आठशे. अडीच तोळे म्हणजे तीस मासे, नऊ हजार सहाशे. मासा हे माप मी आजीच्या तोंडून सोन्यापुरतं ऐकलेलं. भिंतीवरच्या फळ्यावर मात्र खडूने 'मासा' लिहिलेलं होतं, बारीक, पण होतं. मी नको म्हणालो, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "कुटून मिसळलंय सायेब, तुमच्या नावाचं. आता हे मी कुणाला देऊ?" आवाज चढवला नाही. दारात मात्र दोन पोरं येऊन उभी राहिली होती.

खिशात चार हजार होते ते दिले. फोनवरून बारा हजार गेले. उरलेल्या पाचासाठी काका पुढे झाले, "दादा आपले हायत, मी जामीन." आपल्यासाठी परका माणूस जामीन राहिला, मग त्याचा शब्द कसा मोडायचा? दुसऱ्या दिवशी फेरी घेऊन नांदेडला गेलो आणि पाच हजार नेऊन दिले. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते. रात्रभर विचार करायला वेळ होता माझ्याकडे.

गंमत अशी की चूर्णाने पंधरा दिवस फरक पडला. वास कमी झाला. गोळ्यांनी मात्र पोटात आग पडली, आठव्या दिवशी बंद केल्या. फरक का पडला ते न्हाव्याने सांगितलं. दाढी करताना मी डबी काढली, म्हटलं मानेला लावून बघ, भारी औषध आहे. त्याने चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. "मामा, तुरटी हाय की ही. कापूर घातलाय वासाला." स्वतःच्या पेटीतला खडा त्याने माझ्या हातावर ठेवला. तुरटीने जंतू थोडे दबतात आणि घामही थोडा आखडतो, म्हणून फरक पडतो. साठ मासे म्हणजे जेमतेम साठ ग्रॅम. किराणा दुकानात तेवढ्या तुरटीचे किती पडतात ते तुम्हीच विचारून बघा.

मग जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढला. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी नाक दाबलं नाही, हात वर करायला लावला, जांभळट उजेडाचा दिवा धरला. काखेतल्या केसांवर पिवळट कण चिकटलेले होते. मी ते साबणाचे समजत होतो. ट्रायकोमायकोसिस म्हणतात त्याला. नावावरून बुरशी वाटते, पण असतात ते जंतू, कोरिनेबॅक्टेरियम जातीचे, केसाला थर धरून बसतात. नुसत्या साबणाने तो थर निघत नाही. बाईंनी आणखी एक सांगितलं, ताज्या घामाला जवळजवळ वास नसतोच. काखेतल्या ग्रंथींतून जो दाट घाम येतो तो जंतू खातात आणि वास त्यातून तयार होतो. म्हणजे रक्तातला मळ वगैरे सगळं थोतांड.

उपाय साधा होता. काखेतले केस काढायचे आणि काही आठवडे वाढू द्यायचे नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइडचं वॉश लावून दोन-तीन मिनिटं ठेवायचं, मग धुवायचं. पांढरा टॉवेल वापरायचा, कारण त्याने रंगीत कापड डाग पडून विटतं (माझा एक गेला). अंग पुसून काख कोरडी झाल्यावरच कपडा घालायचा. घाम कमी करणारं अ‍ॅल्युमिनियमचं औषध रात्री कोरड्या काखेला लावायचं, सकाळी ओल्या अंगाला नाही. गणवेशाचं टेरिकॉट वास धरून ठेवतं, म्हणून आत सुती बनियन घालायची आणि रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायची. सगळं औषध तीनशेच्या आत आलं. साखर आणि थायरॉइडही तपासून घेतलं, दोन्ही ठीक निघाले. वास अचानक बदलला किंवा मासळीसारखा येऊ लागला तर कारण वेगळं असू शकतं, तेव्हा डॉक्टरांनाच दाखवा असं त्या म्हणाल्या. गोळ्या पुन्हा घेऊ नका असंही बजावलं. अशा बिननावाच्या भस्मांत शिसं किंवा पारा निघतो म्हणून मूत्रपिंडाची तपासणी लिहून दिली. ती ठीक आली, पण अहवाल येईपर्यंतचे चार दिवस मी जेवलो नाही धड.

मग दुकान गाठलं. लॉजच्या त्या खोलीत शेंगदाण्याची पोती होती. दुकानाला कुलूप, भाडेकरू महिन्यापूर्वी गेला. पोलिसांनी बिल मागितलं. बिलावर 'जडीबुटी सामान' एवढंच, ना औषधाचं नाव, ना दुकानाचा नंबर. बारा हजार ज्या खात्यावर गेले ते हाताशी होतं, त्यावर तक्रार दिली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली. रोख दिलेल्या नऊ हजारांचा कुठे मागमूस नाही. म्हणून सांगतो, चूक झालीच तर निदान फोनवरून पैसे द्या. आणि कुटायला सुरुवात होण्याआधी विचारा, भाव कशाचा? तोळ्याचा, ग्रॅमचा की माशाचा? एकूण किती, ते कागदावर लिहून द्या म्हणा.

हे सगळं मी आमच्या ड्रायव्हरला सांगितलं, वसमतला चहा घेताना. नऊ वर्षं एका गाडीवर आहोत. तो कपातला चहा बशीत ओतत राहिला, मग म्हणाला, "धोतर, टोपी, कापडी पिशवी?" मी हो म्हटलं. "मला पोराचा मूळव्याध म्हणाला होता. साडेअकरा." कधी, तर तीन वर्षांपूर्वी. म्हटलं, भल्या माणसा, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "आन् तुझ्या काखेचं मी दोन वर्षं सांगितलं का?"

डबी अजून घरात आहे. दाढीनंतर लावतो.