व्हॅलेंटाइन डेच्या संध्याकाळी कोणता चित्रपट पाहावा?
व्हॅलेंटाइन डे आला की माझ्या मनात हुरूप आणि हुरहुर एकदमच दाटतात, त्यामुळे त्या संध्याकाळी काय पाहावे हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. २०२३ मधले दोन चित्रपट माझ्यासमोर आहेत. ‘एनीवन बट यू’ हा शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकावर सैलपणे बेतलेला, सिडनीतील लग्नघरात घडणारा हलकाफुलका चित्रपट असून, भांडणारी जोडी शेवटी एकत्र येणार हे ठाऊक असूनही तो मन प्रसन्न करतो.

सेलीन साँग यांचा ‘पास्ट लाइव्ह्ज’ मात्र सोलमध्ये बालपणी दुरावलेल्या दोघांची बारा वर्षांनी व्हिडिओ कॉलवर आणि आणखी बारा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये समोरासमोर गाठ घालून देतो. तोवर तिचे लग्न झालेले असते. अखेरीस गाडीची वाट पाहत ते दोघे रस्त्याच्या कडेला, एकही शब्द न बोलता, एकमेकांकडे पाहत उभे राहतात. तो गेल्यावर ती चालत परत येते आणि घराबाहेर थांबलेल्या नवऱ्याच्या मिठीत रडू लागते. त्या नवऱ्याचा समंजसपणा मला फार मोलाचा वाटतो.

नाते अगदी नवे असेल तर पहिला चित्रपट बरा. पण ज्यांना या दिवशी एखादी जुनी आठवण अस्वस्थ करते, त्यांना मी दुसराच सुचवेन.