नॅनो-सिलिका द्रावण: खाऱ्या वाऱ्यातल्या काँक्रीटसाठी
कळंगुट-कोलव्याच्या किनाऱ्यालगतच्या स्लॅबला हे द्रावण खरंच उपयोगी आहे. त्यातली अतिसूक्ष्म सिलिका (वाळूतला मुख्य घटक) सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून छिद्रं बुजवते, त्यामुळे खार सळईपर्यंत उशिरा पोचतो. द्रावणात घन भाग (सिलिका) 30 टक्के असेल, तर 50 किलोच्या गोणीला 1.7 किलो द्रावण घ्या. म्हणजे सिमेंटच्या 1 टक्का सिलिका. त्यातलं 1.2 लिटर पाणी मिश्रणाच्या पाण्यातून वजा कराच. आधी पाण्यात ढवळा, मग मिक्सरमध्ये. थेट सिमेंटवर ओतलं की गुठळ्या होतात आणि तेवढा माल कच्चा राहतो. माल लवकर आवळतो, म्हणून सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल ठेवणारं रसायन) हवाच. गवंड्याने मिश्रणात वरून जादा पाणी घातलं की पैसे वाया. क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) किमान 10 दिवस. चिऱ्याच्या कुंपणाला मात्र हा खर्च नको.