मातीतील स्फुरद मोजणारे घरगुती किट: कडधान्ये लावणाऱ्याने केलेले परीक्षण

कडधान्ये लावायची आणि स्फुरदाचा (फॉस्फरसचा) विचार करायचा नाही, असे चालत नाही. ही पिके मुळांवरच्या गाठींतील रायझोबियम जिवाणूंच्या मदतीने हवेतील नत्र (नायट्रोजन) मिळवतात खरी. परंतु नत्राचा एक रेणू स्थिर करण्यासाठी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे किमान 16 रेणू खर्ची पडतात आणि एटीपी स्फुरदावाचून बनत नाही. स्फुरद कमी पडले की गाठी कमी धरतात, रोप खुजे राहते आणि पाने लहान व गडद हिरवी दिसतात. ती हिरवी दिसतात म्हणूनच माणूस फसतो. पानांवरून अंदाज बांधण्यापेक्षा माती तपासावी, या विचाराने मी हे किट घेतले आणि दोन वर्षे वापरले. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण पुढील बहुतेक आक्षेप एकाच द्रावणावर चालणाऱ्या कोणत्याही किटला लागू पडतील.

डब्यात झाकणाच्या सहा परीक्षानळ्या, अर्क काढण्याच्या सौम्य आम्लाची बाटली, मॉलिब्डेटची लहान बाटली, ॲस्कॉर्बिक आम्लाच्या गोळ्या, गाळणकागद, मोजमापाचा चमचा आणि पाच निळ्या छटांचा रंगतक्ता असतो. वाळवून चाळलेली चमचाभर माती आम्लात घालून हलवायची, गाळायची, गाळलेल्या पाण्यात मॉलिब्डेट व गोळी टाकायची आणि दहा मिनिटे थांबायचे. फॉस्फेट, म्हणजे स्फुरद मातीत ज्या रूपात असते ते, असेल तर द्रावण हळूहळू निळे होते. ही रसायनक्रिया भरवशाची आहे. 1962 मध्ये मर्फी आणि रायली यांनी मांडलेली हीच पद्धत प्रयोगशाळांतही चालते. नळ्या मात्र साबणाने धुऊ नयेत. एकदा मी तसे केले आणि नुसते डिस्टिल्ड वॉटर भरलेली नळीसुद्धा फिकट निळी झाली, कारण धुण्याच्या पावडरीतही फॉस्फेट असू शकते. तेव्हापासून प्रत्येक वेळी एक नळी मातीविना ठेवतो. माहितीपत्रकात ही सूचना नाही.

माहितीपत्रकात जे आहे, त्यात ‘सर्व प्रकारच्या जमिनींसाठी उपयुक्त’ हे वाक्य ठळक अक्षरांत आहे, आणि माझा मुख्य आक्षेप त्यावरच आहे.

चुनखडीयुक्त काळी माती नळीत टाकून आम्ल ओतताच फसफसून फेस वर आला आणि झाकण लावायला थांबावे लागले. फेस म्हणजे चुन्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, आणि तो सुटतो याचा अर्थ आम्ल चुन्यावरच खर्च होते आहे. रंग सर्वांत फिकट आला, म्हणजे तक्त्यानुसार स्फुरद ‘अत्यल्प’. मग तीच माती अर्धा चमचा घेऊन द्रावण तेवढेच ठेवले, तर रंग गडद झाला. माती निम्मी केल्यावर स्फुरद वाढलेले दिसावे, हा मातीचा नव्हे तर पद्धतीचा दोष आहे. उलट आम्ल अधिक तीव्र असते, तर मुळांच्या सहसा हाती न लागणारे कॅल्शियम फॉस्फेटही त्यात विरघळले असते आणि आकडा फुगला असता. म्हणूनच अशा जमिनींसाठी ओल्सन यांची 1954 ची पद्धत वापरतात, जिच्यात 8.5 सामूचे (पीएचचे) सोडियम बायकार्बोनेट असते. आम्लधर्मी जमिनींसाठी ब्रे यांची 1945 ची, अमोनियम फ्लोराइड आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची पद्धत चालते. या दोन पद्धतींतील फरक किटच्या उत्पादकाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. पण दोन बाटल्या देण्यापेक्षा एक ठळक वाक्य छापणे सोपे असते.

आता हाच प्रश्न पिकाच्या बाजूने पाहू. त्याच काळ्या मातीत हरभरा बरा येतो, कारण हरभऱ्याची मुळे मॅलोनिक आणि सायट्रिक ही सेंद्रिय आम्ले बाहेर टाकतात. त्यांमुळे कॅल्शियमशी बांधलेले फॉस्फेट सुटे होते. शिवाय हवेतील नत्रावर जगणारे द्विदल पीक मातीतून नायट्रेट फारसे घेत नाही, पोटॅशियम, कॅल्शियमसारखे धनभारित आयन अधिक घेते आणि त्या बदल्यात हायड्रोजन आयन मातीत सोडते. परिणामी मुळाभोवतीच्या पातळ थरात सामू उतरतो. म्हणजे किटच्या बाटलीत आम्ल आहे तसे मुळाकडेही आहे. फरक एवढाच, की मूळ ते आपल्या पृष्ठभागाला लागून आणि सतत सोडत राहते, म्हणून चुना ते एका दमात संपवू शकत नाही. त्याच पिकाला नायट्रेटयुक्त खत भरपूर दिले तर गाठी कमी धरतात आणि मुळाजवळचा सामू वर सरकतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तांबड्या, आम्लधर्मी मातीत किटचा निकाल आणखी विचार करायला लावणारा ठरला. येथे फॉस्फेट लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटलेले असते. फेस आला नाही, गाळलेले पाणी स्वच्छ निघाले आणि रंग पुन्हा सर्वांत फिकट. तक्त्याने दोन्ही मातींना एकच शिक्का मारला. परंतु त्या मातीत फॉस्फेट खत न घालता शेजारी शेजारी लावलेल्या सोयाबीन आणि तुरीपैकी सोयाबीन खुरटले, आणि तूर सावकाश का होईना, पण वाढली. याचे कारण 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सापडते. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत काम करणारे नोरिहारू आए आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले, की तुरीची मुळे पिसिडिक आम्ल व त्याची संयुगे बाहेर टाकतात, ती लोहाला पकडतात आणि त्याला बांधलेले फॉस्फेट मोकळे होते. तांबड्या मातीतील लोहबद्ध साठा तूर इतर पिकांपेक्षा चांगला वापरते तो यामुळे. पांढरी ल्युपिन हे द्विदल पीक तर दाट झुबक्यांसारखी मुळे काढून त्यांतून सायट्रिक आम्लाचा लोटच सोडते. ‘उपलब्ध स्फुरद’ हा शब्द आपण मातीचा गुण असल्यासारखा वापरतो. तो माती आणि पीक या जोडीचा गुण आहे, आणि रंगतक्त्यावर पिकाचा रकानाच नाही.

नळी हलवताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आपण चमचाभर मातीचा प्रत्येक कण द्रावणात भिजवतो, पण शेतात मुळाला ही चैन नसते. फॉस्फेट मातीत अत्यंत मंद गतीने सरकते, त्यामुळे मुळाभोवतीचा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा थर रिकामा झाला की पुढचा साठा जवळ असूनही हाती लागत नाही. बहुतेक कडधान्ये ही उणीव मुळांशी जोडून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या मदतीने भरून काढतात, कारण तिचे तंतू त्या रिकाम्या थरापलीकडे काही सेंटिमीटर पोहोचतात. (ल्युपिन येथेही निराळी, ती या बुरशीशी सहसा नाते जोडत नाही.) वरची माती सुकली की फॉस्फेटचे सरकणे आणखी मंदावते, मग तक्ता ‘भरपूर’ म्हणो की आणखी काही. किटच्या नळीत दुष्काळ कधीच पडत नाही.

कंपोस्ट भरपूर घातलेल्या मातीचा अर्क तपकिरी निघाला आणि निळा रंग हिरवट दिसू लागला, तेव्हा तक्त्याशी जुळवणे म्हणजे निव्वळ अंदाज झाला. सेंद्रिय रूपातील स्फुरद तर मॉलिब्डेटला दिसतच नाही. मुळे आणि जिवाणू मात्र फॉस्फेटेज विकरांनी (एन्झाइमांनी) त्यातला काही भाग सोडवून घेतात.

एक चूक मात्र अक्षम्य आहे. तक्त्यावर छटांखाली आकडे आहेत, पण ते मूलद्रव्य स्फुरदाचे की खताच्या पोत्यावर लिहितात त्या फॉस्फरस पेंटॉक्साइडचे, हे कोठेही लिहिलेले नाही. या दोहोंत 2.29 पटींचा फरक आहे. तो न कळता मात्रा काढणारा दुपटीहून अधिक खत टाकील किंवा निम्म्याहून कमी. मी ग्राहकसेवेला विचारले, तेव्हा उत्तरादाखल तेच माहितीपत्रक पुन्हा आले.

तरीही मी किट फेकून दिलेले नाही. एकाच तुकड्यातील माती, त्याच चमच्याने, दरवर्षी त्याच हंगामात तपासली आणि चुना फारसा नसेल, तर रंग चढतो की उतरतो एवढे ते प्रामाणिकपणे सांगते. सारखे खत घालत आलेल्या तुकड्यात रंग सर्वांत गडद आल्यावर मी फॉस्फेट थांबवले आणि पुढच्या पिकाच्या गाठी चिरून पाहिल्या, तर आतून छान गुलाबी होत्या, म्हणजे नत्र स्थिर करण्याचे त्यांचे काम चालू होते. दोन निरनिराळ्या जमिनींची तुलना करण्यासाठी किंवा कोणते कडधान्य कोठे लावावे हे ठरवण्यासाठी मात्र ते घेऊ नये. त्यासाठी जमिनीच्या सामूनुसार पद्धत निवडणारी प्रयोगशाळाच गाठावी.

पाचपैकी अडीच गुण. घेणारच असाल तर गोळ्यांची पट्टी आधी पाहा: ॲस्कॉर्बिक आम्ल ओल आणि हवा लागली की पिवळसर पडते, आणि तशा गोळीने मातीत फॉस्फेट असूनही निळा रंग उमटत नाही. माझी दुसरी पट्टी डबा उघडतानाच पिवळी निघाली.