फोकटातलं फिग्मा: बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला कितपत पुरतं?

कृषी केंद्राचे बोर्ड नाहीतर झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारा हात मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन आखायला वळत असेल, तर पहिलं साधन म्हणून फिग्माच घ्यावं. ब्राउझरमध्ये चालतं. फुकटच्या प्लॅनमध्ये स्वतःचे ड्राफ्ट (एकट्याच्या कच्च्या फायली) हवे तितके ठेवता येतात. टीमच्या प्रोजेक्टमध्ये मात्र तीनच डिझाइन फायली. शिकणाऱ्याला एवढं पुष्कळ. खरा खर्च लॅपटॉपचा, कारण मोबाइलवरचं फिग्मा आखलेलं बघण्यापुरतंच आहे.

रंग, मोकळी जागा, नजर आधी कुठे जावी, हे पेंटरला शिकवावं लागत नाही. नडते ती पत्र्याची सवय. आठ बाय चारचा पत्रा तेवढाच राहतो, स्क्रीन मात्र फोनगणिक बदलतो. म्हणून ३६० पिक्सेल रुंदीची फ्रेम (स्क्रीनचा कोरा कागद) घ्या आणि पहिल्याच दिवशी ऑटो लेआउट, म्हणजे मजकुराप्रमाणे चौकट आपोआप लहानमोठी होण्याची सोय (शिफ्ट + ए), शिका. पुढचे मापाचे आकडेही पिक्सेलमध्येच. बटणात ‘वर्धा’ लिहा, आडवी १६ आणि उभी १२ पॅडिंग (अक्षर आणि चौकटीमधली मोकळी जागा) द्या. मग तिथेच ‘कृषी उत्पन्न बाजार समिती, हिंगणघाट’ टाका. चौकट सोबत वाढली तर जमलं. अक्षरं बाहेर सांडली तर ते बटण नुसतं रंगवलेलं आहे, कोड लिहिणाऱ्याच्या कामाचं नाही. बटणाची उंची ४८ च्या खाली नको, बोट चुकतं.

मराठी मजकुरात जास्त घोळ होतो, आणि त्यात दोष इंग्रजीसाठी केलेल्या टेम्पलेटचा. लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्यच ठेवा: वाढवलं की शिरोरेषा तुटते, उणे केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. १६ च्या अक्षराला ओळीची उंची २४ ते २६ हवी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे गूगल फॉन्ट आयतेच मिळतात. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. फॉन्ट कुठलाही घ्या, ‘दुसऱ्या’ लिहून पाहा. ‘दुसर्या’ उमटलं तर नुक्त्याचा ‘ऱ’ टंकलेला नाही.

रंगात एक फसगत ठरलेली. संत्र्याचा नारिंगी पांढऱ्यावर बोर्डात खुलतो, कारण पेंटर त्याला काळी किनार देतो. १६ च्या अक्षरात किनार बुजते, आणि उरलेला कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगातला उजेडाचा फरक) जेमतेम २:१. साध्या मजकुराला ४.५:१ लागतो. उलट करा, नारिंगीवर काळं अक्षर घ्या. बांधावर उन्हातही वाचता येईल.

लाइन गेली, नेट गेलं, तरी उघडलेल्या फाइलवर काम चालतं आणि नेट आलं की बदल वर चढतात. बंद फाइल मात्र उघडत नाही. भारनियमनाच्या वेळेआधी फाइल उघडून ठेवा, आणि काम वर चढेपर्यंत ब्राउझरचा डेटा पुसू नका. फायलींच्या मर्यादेचा जाच झाला तर फिग्मासारखंच, पण मुक्त स्रोताचं पेनपॉट आहेच.

जी. डी. आर्ट (कलेची पदविका) आणि वर्षभराचा कामाचा अनुभव असेल तर एम. डेस. या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठीची सीड (CEED) ही प्रवेश परीक्षाही देता येते. नोकरीसाठी सुटे वीस स्क्रीन पाठवू नका. कापसाचा भाव बघण्यापासून गाडीचा नंबर लावण्यापर्यंतचा एकच पूर्ण प्रवास प्रोटोटाइप (बटण दाबत एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर जाणारा नमुना) जोडून पाठवा. लिंकची परवानगी ‘लिंक असेल त्या कुणालाही, फक्त बघण्यासाठी’ ठेवा आणि लिंक एकदा ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (जिथे तुमचं लॉगिन नसतं) उघडून पाहा, नाहीतर समोरच्याला लॉगिनचं पान दिसतं.