पऱ्हाटीची ब्रिकेट की केळीच्या खांबाचा गॅस?

जळगाव-धुळ्याकडे दोन्ही ढिगांनी पडतं, पण इंधन म्हणून पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं, उजवी. वाळते, साठवता येते. वेचणी संपताच उपटली तर किडक्या बोंडांतली गुलाबी बोंडअळीही शेताबाहेर जाते. श्रेडरमधून बारीक करा, ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणा, मगच ब्रिकेट, म्हणजे इंधनाची कांडी, दाबा. ओल राहिली की वाफेने कांडी तडकते. मुळांची माती मात्र नीट झटका; मुठीएवढं ढेकूळही यंत्राचा साचा (डाय) झिजवतं, राख वाढवतं.

रावेर-यावलच्या केळीच्या खांबात ९० टक्क्यांहून जास्त पाणी. तो वाळवत बसू नका. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून शेणात कालवा, बायोगॅसच्या टाकीत सोडा. धागे लांब राहिले तर वर जाड साय धरते, गॅस अडकतो. टाकीतून निघालेली स्लरी परत केळीलाच द्या.